'मंडेन' : या जगाचं विशेषण

कपड्यांच्या घड्या घालणं, विजेचं बिल भरणं, गॅसचा नंबर लावणं अशा कामांसाठी इंग्रजीत एक ठरलेलं विशेषण आहे : मंडेन. इंग्रजी वर्तमानपत्र नेमानं वाचणाऱ्याला ते अधूनमधून भेटतच असतं. शब्दकोश उघडला की रोजचं, साधं, नीरस, कंटाळवाणं असे अर्थ सापडतात आणि त्यावर बहुतेकांचं काम भागतं. अडचण होते ती हाच शब्द अनपेक्षित ठिकाणी भेटल्यावर. पाली ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत 'लोकिय' आणि 'लोकुत्तर' ही जोडी 'मंडेन' आणि 'सुप्रामंडेन' अशी येते. देशाचं, पावसापाण्याचं, राज्यकर्त्यांचं भविष्य वर्तवणाऱ्या ज्योतिषशाखेला 'मंडेन ॲस्ट्रॉलॉजी' म्हणतात. मराठीत तेच मेदिनीय ज्योतिष. एकोणिसाव्या शतकातल्या पुराणांच्या इंग्रजी भाषांतरांत ब्रह्मांडासाठी 'मंडेन एग' असा प्रयोग आढळतो. तिथे कुणी 'कंटाळवाणं अंडं' असा अर्थ लावला, तर सृष्टीच्या उत्पत्तीची सगळी कथाच हातातून निसटेल.

घड्या घालण्याच्या कामाला आणि ब्रह्मांडाला एकच विशेषण कसं लागलं, हे समजून घेतलं की या शब्दाचा वापर आपोआप समजतो. म्हणून आधी त्याच्या घराण्याकडे पाहू.

लॅटिनमध्ये 'मुंडुस' म्हणजे जग. त्यापासून 'मुंडानुस' म्हणजे जगाचा, जगातला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'मोंदँ' झालं आणि पंधराव्या शतकात ते इंग्रजीत आलं. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'डेन'वर. स्पेलिंग पाहून आपल्याकडे काही जण 'मुंडेन' म्हणतात, ते टाळावं. आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवसाचा कंटाळा आणि 'मंडे' हा उच्चार यांची सांगड घालून हा शब्द सोमवारावरून आला, असंही काहींना वाटतं. तसा काही संबंध नाही. इंग्रजी सोमवार चंद्रावरून आला, अगदी आपल्या सोमवारासारखाच. 'मंडेन' आलं ते जगावरून.

या 'मुंडुस'चा एक दुसरा अर्थ फार देखणा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नीटनेटका, स्वच्छ, सजलेला असाही होतो. स्त्रीच्या प्रसाधनांना आणि साजशृंगाराला रोमन कायद्याच्या भाषेत 'मुंडुस मुलिएब्रिस' म्हणत. याच्या उलट 'इम्मुंडुस' म्हणजे घाणेरडा. आजच्या फ्रेंचमध्ये 'इमोंद' हा शब्द त्याच अर्थानं जिवंत आहे. स्पॅनिशमध्ये फळाची किंवा बटाट्याची साल काढण्याला 'मोंदार' म्हणतात, तेही स्वच्छ करणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून. मग सजावट आणि जग एका शब्दात कसे आले? इथे ग्रीकांचं बोट धरावं लागतं. ग्रीकमध्ये 'कॉसमॉस' म्हणजे रचना, सुव्यवस्था, शोभा. विश्वाला हे नाव पहिल्यांदा पायथागोरसनं दिलं, असं परंपरा सांगते. विश्व म्हणजे गोंधळ नव्हे, ती मांडणी आहे आणि ती सुंदर आहे, हा विचार त्या नावात आहे. सौंदर्यप्रसाधनांचं 'कॉस्मेटिक्स' आणि विश्वाचं 'कॉसमॉस' ही एकाच घरातली भावंडं आहेत ती त्यामुळेच. रोमनांनी हीच कल्पना आपल्या भाषेत आणली. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात स्पष्ट लिहितो, की ग्रीकांनी जगाला शोभेवरून नाव दिलं आणि आपण त्याच्या परिपूर्ण नेटकेपणावरून.

म्हणजे ज्या शब्दाचा आज 'नीरस' असा अर्थ होतो, त्याच्या मुळाशी नटलेलं, मांडलेलं, लखलखीत जग आहे. हा उतार एका दिवसात झालेला नाही आणि त्याची कारणं भाषेपेक्षा माणसांच्या मनात जास्त सापडतात.

पहिलं कारण ख्रिस्ती धर्मविचारात आहे. बायबलच्या लॅटिन अनुवादात 'मुंडुस' हा शब्द पुष्कळदा देवाच्या राज्याविरुद्धचं जग या अर्थानं येतो : मोहाचं, पापाचं, नाशवंत जग. पुढे मध्ययुगात जगाविषयी तिरस्कार शिकवणाऱ्या लेखनाची एक मोठी परंपराच उभी राहिली. तिसरा इनोसंट हा पोप होण्यापूर्वी लोतारियो या नावानं ओळखला जात होता, तेव्हा, बाराव्या शतकाच्या अखेरीस, त्यानं मानवी जीवनाच्या दैन्यावर लिहिलेलं पुस्तक युरोपभर वाचलं गेलं. मठात राहणारे आणि जगात राहणारे अशी माणसांची विभागणी झाली होती. जगात राहणाऱ्यांची कामं, चिंता, सुखं म्हणजे 'मंडेन' गोष्टी. त्यात 'कंटाळवाणं' असं काही नव्हतं. उलट त्या गोष्टी फार आकर्षक असतात, म्हणून तर त्यांच्यापासून सावध राहायचं! इंग्रजीत हा शब्द आला तो हा अर्थ घेऊनच.

अशाच अर्थाचा, पण वेगळ्या घराण्यातला आणखी एक शब्द इथे आठवतो, 'सेक्युलर'. लॅटिन 'सेकुलुम' म्हणजे पिढी, युग; चर्चच्या लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ जग, इहलोक असा झाला. मठाबाहेर राहून लोकांमध्ये काम करणारा धर्मगुरू तो सेक्युलर. मंडेन आणि सेक्युलर हे दोन्ही शब्द एकाच काळी, चर्चच्या भिंतीबाहेरच्या जगासाठी वापरले जात होते. त्यांचं नशीब मात्र किती वेगळं निघालं! सेक्युलर राजकारणात गेला, राज्यसंस्थेच्या तत्त्वज्ञानात गेला, १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत दाखल झाला आणि मराठीत 'धर्मनिरपेक्ष' म्हणून स्थिरावला. मंडेन राहिला घरात, भांड्यांपाशी.

नीरसपणाचा अर्थ त्याला केव्हा चिकटला? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो छापील इंग्रजीत रुळलेला दिसतो. असं का झालं असावं, याविषयी माझं मत असं आहे. विशेषणाचा अर्थ बराचसा त्याच्या विरुद्ध टोकाला काय उभं आहे यावर ठरतो. जोवर समोर स्वर्ग होता, तोवर मंडेन म्हणजे ऐहिक. एकोणिसाव्या शतकात सुशिक्षित इंग्रज वाचकाच्या मनात स्वर्गाच्या जागी दुसऱ्या गोष्टी येऊ लागल्या : प्रवास, साहस, प्रतिभा, कलावंताचं विलक्षण जगणं. त्याच काळात कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी दिवसाचे ठरावीक तुकडे पाडले, तेच काम त्याच वेळी करायला लावलं. स्वर्गाच्या तुलनेत पृथ्वी नाशवंत वाटते. साहसाच्या तुलनेत ती कंटाळवाणी वाटते. शब्द तोच राहिला, समोरचा आरसा बदलला.

फ्रेंचांनी हाच शब्द अगदी वेगळ्या वाटेनं नेला. फ्रेंचमध्ये 'मोंद' म्हणजे जग, लोक, आणि हळूहळू 'प्रतिष्ठित लोकांचं वर्तुळ'. त्यामुळे 'मोंदँ' म्हणजे उच्चभ्रू मेजवान्यांत वावरणारा, समाजात मिरवणारा. व्होल्तेरनं १७३६ साली 'ल मोंदँ' नावाची कविता लिहिली ती ऐहिक सुखांची बाजू घेणारी होती. धाकट्या अलेक्झांडर द्यूमाच्या १८५५च्या 'ल देमी-मोंद' या नाटकानं तर अर्ध्या प्रतिष्ठेच्या जगाला कायमचं नाव दिलं. म्हणून फ्रेंच वर्तमानपत्रातल्या 'मोंदँ' समारंभाचं भाषांतर कुणी 'साधासुधा समारंभ' असं केलं, तर ते बरोबर उलट होतं. एकाच लॅटिन शब्दाची दोन नातवंडं. शेजारशेजारच्या देशांत एकाला झगमगाटाचा अर्थ मिळाला, दुसऱ्याला रटाळपणाचा.

आता आजच्या इंग्रजीतला वापर. मंडेन हे विशेषण माणसाला क्वचितच लावतात. ते लागतं कामांना, तपशिलांना, चिंतांना, दिनक्रमाला, कारणांना. 'मंडेन टास्क्स', 'मंडेन डीटेल्स', 'मंडेन मॅटर्स' या जोड्या सर्रास ऐकू येतात. 'समथिंग ॲज मंडेन ॲज' अशी रचनाही फार वापरतात, आणि तिच्यापुढे दात घासणं, भाजी निवडणं, बसची वाट पाहणं असं काहीतरी येतं. वाक्याचा पुढचा भाग मात्र अनपेक्षित असतो. म्हणजे या साध्या गोष्टीतून मोठं काहीतरी घडलं, असं सांगायची ती तयारी असते. 'द मंडेन' असं नामासारखंही वापरतात, आणि मग त्याच्या जोडीला उदात्त, अद्भुत असं दुसरं टोक असतं. भाववाचक नाम 'मंडॅनिटी'. तुलना करताना आधी 'मोर' लावायचं. शेवटी 'र' जोडायचा नाही.

साध्या वस्तूंसाठी इंग्रजीत विशेषणं पुष्कळ आहेत, पण ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जेवण साधं होतं हे कौतुकानं सांगायचं तर 'सिंपल' किंवा 'प्लेन'. तिथे 'मंडेन' म्हटलं तर यजमान दुखावेल. 'ऑर्डिनरी' तटस्थ असतं, कधी किंचित कमी लेखणारं. 'रूटीन'मध्ये ठरलेपण आहे, कंटाळा असेलच असं नाही; वैद्यकीय तपासणी रूटीन असते आणि ती तशी असली तर आपल्याला बरंच वाटतं. मंडेनमध्ये एक अंतर गृहीत असतं. बोलणारा या गोष्टीपेक्षा काही वेगळं, अधिक रोचक डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो. ते दुसरं टोक मनात नसेल तर हा शब्द वापरूच नये.

या शब्दाचे शेजारीही कुठून कुठून आले आहेत. 'बनाल' हा सरंजामी फ्रान्समधून आलेला आहे. गावच्या जमीनदाराची गिरणी आणि भट्टी रयतेनं वापरलीच पाहिजे असं बंधन असे. ती सगळ्यांची, सामाईक गिरणी म्हणजे 'बनाल' गिरणी. सगळ्यांची म्हणून सामान्य, आणि सामान्य म्हणून शिळी, असा तो घसरला. १९६३ साली हॅना आरेंट यांनी नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्यावरच्या पुस्तकात दुष्टपणाच्या सामान्यपणाची मांडणी केली आणि या शब्दाला एकदम भयंकर वजन आलं. 'क्वोटिडियन' म्हणजे रोजचं. मध्ययुगीन इंग्रजीत तो वैद्यांच्या तोंडी होता; रोज ठरावीक वेळी चढणाऱ्या हिवतापाला तो लावत. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पायी चालणारा, आणि लेखनाबद्दल बोलताना ज्याला पंख नाहीत असं सपाट लेखन. 'व्हल्गर'चं मूळ 'वुल्गुस', म्हणजे सर्वसाधारण लोक. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनं बायबलचं लॅटिन भाषांतर हाती घेतलं. सर्वांच्या वापरातलं म्हणून पुढे ते 'व्हल्गेट' ठरलं, आणि त्यात अपमान नव्हता. शाळेत आपण शिकलेले व्यवहारी अपूर्णांक इंग्रजीत 'व्हल्गर फ्रॅक्शन्स' आहेत. तिथे अश्लील काही नाही, फक्त रोजच्या व्यवहारातले. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यांना 'व्यवहारी' हा शब्द दिला. किती नेमका आहे तो! इंग्रजी शब्दाचा अपमानास्पद भाग त्यानं बाजूला ठेवला आणि खरा अर्थ तेवढा उचलला.

मंडेनचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आजचा वापर विज्ञानात आणि शोधपत्रकारितेत आहे. एखाद्या गूढ घटनेची चर्चा चाललेली असते आणि लेखक म्हणतो, की यामागचं कारण बरंच 'मंडेन' आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या रॉसवेलजवळ एका शेतावर विचित्र अवशेष सापडले आणि परग्रहावरचं यान कोसळल्याच्या कहाण्या पुढे जगभर पसरल्या. १९९४मध्ये अमेरिकी हवाई दलानं अहवाल दिला, की ते अवशेष मोगल प्रकल्पातल्या फुग्यांचे असावेत. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत टिपण्यासाठी ते सोडले जात. आपल्याकडचं उदाहरण तर अनेकांना प्रत्यक्ष आठवत असेल. २१ सप्टेंबर १९९५ला देशभरात गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची बातमी पसरली, देवळांपुढे रांगा लागल्या. वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, की चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीच्या पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं. कारण मंडेन होतं.

इथे 'मंडेन'चं भाषांतर 'कंटाळवाणं' असं करून पाहा, ते बसत नाही. पृष्ठताण कंटाळवाणा नाही. या वाक्यात मंडेन म्हणजे इथलं, या जगातलं. त्यासाठी परग्रह नको, चमत्कार नको. पंधराव्या शतकातला जुना अर्थ इथे शाबूत आहे, फक्त लेखकाची बाजू बदलली आहे. तेव्हा धर्मगुरू हा शब्द वापरून जगाला खाली ढकलत होता, आज शास्त्रज्ञ तोच शब्द वापरून स्पष्टीकरण जगात परत आणतो.

अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत रेसट्रॅक प्लाया नावाचं कोरड्या तळ्याचं सपाट मैदान आहे. तिथे धोंडे आपोआप सरकत आणि मागे लांबच लांब चर उमटत. कुणी त्यांना सरकताना पाहिलेलं नव्हतं. २०१३च्या डिसेंबरात संशोधकांना ते प्रत्यक्ष पाहायला मिळालं आणि २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मैदानावर उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर बर्फाचा काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा धरतो, दिवसा तो तडकतो आणि हलक्या वाऱ्यानं ते बर्फाचे पातळ तक्ते धोंड्यांना ढकलत नेतात. वादळ नाही, चुंबकत्व नाही. पाणी, थंडी, ऊन आणि मंद वारा. या उत्तरालाही बातम्यांच्या इंग्रजीत 'मंडेन' म्हणता येतं. पण ते वाचून आपला विस्मय कमी होत नाही, उलट वाढतो, असा माझा अनुभव आहे.

विज्ञानकथेच्या जगात तर या शब्दाचा झेंडाच झाला. २००४मध्ये ब्रिटनमध्ये राहणारे लेखक जेफ रायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मंडेन सायन्स फिक्शन' असा विचार मांडला. प्रकाशापेक्षा वेगानं धावणारी यानं, दुसऱ्या ताऱ्यांवरचे जीव, समांतर विश्वं यांचा आधार न घेता पृथ्वीच्या आणि सूर्यमालेच्या मर्यादेत, शक्य वाटणाऱ्या भविष्याबद्दल लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. दुसरी पृथ्वी मिळणार नाही, म्हणून हिच्याकडे नीट बघा, हा त्यामागचा विचार. 'इंटरझोन' नियतकालिकानं २००८ साली या प्रकारच्या कथांचा अंकही काढला. या मंडळींनी स्वतःला 'नीरस' म्हणवून घेतलं नाही. त्यांनी 'पृथ्वीवरचे' हा अर्थ परत मागितला.

मराठी वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडेही असाच एक प्रवास झाला आहे आणि तो वेगळ्या मुक्कामाला पोचला आहे. संस्कृतात 'प्रपंच' म्हणजे विस्तार, पसारा. वेदान्तात दृश्य विश्वाचा सगळा पसारा म्हणजे प्रपंच, आणि तो माया म्हणून कमी प्रतीचा. मराठीत तो शब्द आकसत आकसत घरात आला. बायको, नवरा, मुलंबाळं, शेतभात, देणीघेणी म्हणजे प्रपंच. 'संसार'चंही तसंच झालं. जन्ममरणाचं फिरतं चक्र म्हणजे संसार. मराठीत संसार 'थाटतात', 'मांडतात', तो 'उभा राहतो', 'मोडतो', 'उघड्यावर येतो'. झोपडपट्टीला आग लागल्याच्या बातमीत 'संसारोपयोगी साहित्य जळून खाक' असे शब्द असतात. त्या साहित्यात पातेली असतात, स्टोव्ह असतो, गोधड्या असतात, मुलांची दप्तरं असतात. विश्वाच्या चक्राचं नाव स्वयंपाकाच्या भांड्यांपर्यंत आलं, तंतोतंत 'मुंडुस'सारखं. पण ते भांड्यांपाशी आल्यावर क्षुल्लक झालं नाही. ही बातमी वाचताना 'साधीसुधी भांडी जळाली' असं कुणाच्या मनात येत नाही. कुणाचा तरी संसार गेला, असंच येतं.

याचं श्रेय मी मराठी संतांना देतो. समर्थ रामदासांनी दासबोधात परमार्थाआधी प्रपंच नेटका करायला सांगितलं. प्लिनीच्या मुंडुसमधला नेटकेपणा आणि हा नेटकेपणा यांचा काहीही ऐतिहासिक संबंध नाही, तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. वारकरी संतांनी तर प्रपंचातल्या कामांनाच भक्तीची जागा केलं. सावता माळ्यांचा मळा, गोरोबांची माती, सेना न्हाव्यांचा आरसा, चोखोबांचं कष्टाचं जिणं हे सगळं अभंगांत आहे, त्या कामांच्या भाषेसकट. इंग्रजीतही असे आवाज होते. सतराव्या शतकातले कवी आणि धर्मगुरू जॉर्ज हर्बर्ट यांनी खोली झाडण्याचं कामही देवासाठी केलं तर उजळतं, असं एका कवितेत मांडलं. पण बोलीतल्या शब्दाच्या अर्थावर त्या विचाराचा ठसा मराठीइतका पडला नाही.

'लौकिक' हा शब्द तर फ्रेंच वाटेनं गेला. लोकांतला, लोकव्यवहारातला असा मूळ अर्थ; मराठीत नाम म्हणून तो 'नावलौकिक' झाला, घराण्याचा लौकिक झाला. 'प्राकृत' म्हणजे स्वाभाविक, सर्वसाधारण. तोच शब्द लोकांच्या भाषेला लागला आणि १२९० साली ज्ञानेश्वरी त्या भाषेत उभी राहिली. व्हल्गेटची आणि तिची जातकुळी या एका बाबतीत जवळची आहे.

मराठीनं रोजच्या कामाला नेहमी मानच दिला, असं मात्र म्हणता येणार नाही. 'रांधा, वाढा, उष्टी काढा' हा वाक्प्रचार ज्यांनी घडवला, त्यांना त्या कामाचं ओझं पुरेपूर माहीत होतं. प्रपंच नेटका व्हायचा तो बहुतेक वेळा बाईच्या कष्टांवर. इंग्रजीत घरकामाला 'मंडेन' म्हणताना जो दुर्लक्षाचा सूर लागतो, तो आपल्याकडे 'ती काही करत नाही, घरीच असते' या वाक्यात लागतो. हे काम करणाऱ्यांनी स्वतः त्याबद्दल काय म्हटलं, हे ऐकायचं तर जात्यापाशी जावं लागतं. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट आहे आणि त्या कामात हातभार लावायला विठ्ठल आलेला आहे. आपल्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्यांतल्या काही ऐकायला मिळतात. पहाटेच्या दळणासारख्या कामात सुचलेल्या या ओव्यांत भाऊ आणि माहेर आहे, सीतेचा वनवास आहे, नवऱ्याचा जाच आहे, पंढरीची वारी आहे, डॉ. आंबेडकर आहेत. हात एकाच गोल फेऱ्यात फिरत असताना या बायकांनी अख्खं जग त्या कामात आणलं होतं.

त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला मराठीत या एका इंग्रजी विशेषणासाठी बरंच साहित्य हाताशी आहे, फक्त प्रसंग पाहून निवडायला हवं. संताच्या चरित्रात 'मंडेन' चिंता आल्या तर त्या प्रापंचिक चिंता. बौद्ध ग्रंथात लौकिक. कचेरीतलं काम असेल तर नेहमीचं, नित्याचं काम. 'कंटाळवाणं' हा शब्द मूळ वाक्यात खरोखर कंटाळा असेल तरच घालावा. चित्रपटाच्या परीक्षणात संवाद 'मंडेन' म्हटले असतील तर रटाळ, सपाट. गूढ घटनेचं कारण मंडेन असेल तर साधं, व्यवहारातलं कारण. जगाच्या चालीविषयी बोलणं असेल तर जगरहाटी हा फार चांगला शब्द आहे. त्यात रहाट आहे, म्हणजे फिरणं आहे, पण रहाटाला पाणी येतं हेही आहे.

उलट दिशेनं जाताना अधिक जपावं लागतं. 'प्रापंचिक अडचणीमुळे कामावर येऊ शकत नाही' असं रजेच्या अर्जात लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. कोशात पाहून त्याचं इंग्रजी 'मंडेन डिफिकल्टी' केलं, तर वरिष्ठाला वाटेल की अडचण किरकोळ आहे आणि माणूस उगाच रजा मागतो आहे. मराठी अर्जातल्या त्या दोन शब्दांत आजारी आई असू शकते, मुलीचं लग्न असू शकतं, बांधावरचं भांडण असू शकतं. तिथे सरळ 'फॅमिली रीझन्स' लिहावं.